नाव न सांगता पोहोचलेली माहिती



साकीनाक्यास आम्हा चार-पाच ज्येष्ठांची रविवारी सकाळी बैठक भरते. इतिहासातील नवलाच्या गोष्टी परस्परांस सांगणे, हा आमचा छंद. गेल्या रविवारी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या हत्यांचा विषय निघाला. कापडाचे व्यापारी असलेले एक स्नेही म्हणाले, "लिंकन यांच्या सचिवाचे नाव केनेडी आणि केनेडी यांच्या सचिवाचे नाव लिंकन!" सर्वांनी माना डोलावल्या. मला मात्र व्हाउचर तपासण्याची जुनी खोड. केनेडी यांच्या सचिव एव्हलिन लिंकन होत्या, ही नोंद खरी. पण लिंकन यांचे सचिव होते निकोले आणि हे.

मग मी विचारले, "गांधीजींच्या हत्येच्या कटाची माहिती मुंबई सरकारच्या कानी घालणारा जैन प्राध्यापक कोण?" कोणासच उत्तर देता आले नाही.

ते डॉ. जगदीशचंद्र जैन. माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात ते अर्धमागधी व हिंदी शिकवीत. आपल्या आगमांचे व प्राकृत साहित्याचे ते थोर अभ्यासक. मदनलाल पाहवा या निर्वासित तरुणास त्यांनी आपली पुस्तके विकण्याचे काम देऊन आधार दिला होता. त्याच तरुणाने त्यांना कटाविषयी सांगितले. प्राध्यापकांना ती संतप्त तरुणाची बडबड वाटली. त्यांनी त्याची समजूत घातली.

20 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत बिर्ला भवनातील प्रार्थनासभेच्या वेळी स्फोट झाला आणि मदनलाल पकडला गेला. ते वृत्त वाचताच, 21 तारखेस, प्राध्यापकांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांना गाठून सर्व सांगितले. मोरारजींनी ते त्याच दिवशी पोलीस उपायुक्त नगरवाला यांच्या कानी घातले. मात्र माहिती देणाऱ्याचे नाव सांगितले नाही. त्यामुळे तपास अधिकाऱ्यास त्या माणसासमोर बसून चार प्रश्न विचारता आले नाहीत. दहाव्या दिवशी, 30 जानेवारीस, गांधीजींची हत्या झाली.

खटल्याच्या निकालात न्यायाधीश आत्माचरण यांनी 20 ते 30 जानेवारीदरम्यानच्या पोलिसांच्या ढिलाईवर ठपका ठेवला. पुढे कपूर आयोगानेही हे सारे तपासले. प्राध्यापकांनी न्यायालयात साक्ष दिली आणि आपण बापूंना वाचवू शकलो नाही, अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले.

हे सांगताना मला माझीच एक चूक आठवली. शाखेत असताना एका कनिष्ठ लिपिकाने एका खात्याविषयी शंका बोलून दाखविली होती. "उद्या पाहू," असे मी म्हणालो. लिहून घेतले नाही. महिन्याभराने ती शंका खरी ठरली, आणि तो लिपिक मला एक शब्दही बोलला नाही. त्याचे ते मौन मला अजून सलते.

आपल्या पेढीवरही मुनीम, नोकर वा घरची सून कधी दबक्या आवाजात काही सांगते. "कशाला भानगड?" म्हणून आपण विषय मिटवितो. तसे न करता तारीख घालून लिहून घ्यावे. पुढे कळवायचे असेल, तर सांगणाऱ्याच्या संमतीने त्यालाच सोबत न्यावे आणि त्याच्या पाठीशी उभे राहावे. पुढच्या माणसास प्रश्न विचारता आले, तरच ऐकलेल्या गोष्टीचा उपयोग होतो.

येत्या रविवारी प्रश्न विचारण्याची पाळी त्या कापडवाल्या स्नेह्यांची आहे. या खेपेस दोन्ही बाजू जुळवून येईन, असे त्यांनी बजावले आहे.