ताटात जोडी, शेतात काडीमोड

माफी आधीच मागून ठेवते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला. 'आंतरपीक' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो 'अंतरपीक' वाटला होता, म्हणजे दोन पिकांत अंतर ठेवायचं! अर्थ नेमका उलटा निघाला. एकाच शेतात, शेजारी शेजारी, एक धान्य आणि एक कडधान्य.

हा उजेड पडला एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये, मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर. आम्ही डोंबिवलीकर. वाल म्हणजे आमच्यासाठी रविवारचं बिरडं. तो भात कापल्यावर त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो, हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तूर मात्र बांधावर, कारण खाचरात पाणी तुंबतं आणि तिच्या मुळांना ते सोसत नाही. वर वरकस जमिनीत नाचणी-वरीच्या सोबतीला उडीद, तूर. "पूर्वी डाळ विकत कोण आणायचं?" तिथल्या एक आजी म्हणाल्या. आता बांध मोकळेच होते.

परत आल्यावर हे होस्टेलवर माझ्या लातूरच्या मैत्रिणीला सांगितलं, तर ती हसलीच. तिचे आजोबा ज्वारी पेरताना तिफणीच्या मागे वेगळी नळी बांधून त्यातून तूर सोडायचे. ज्वारीची मुळं वरच्या थरात पसरतात, तुरीचं सोटमूळ खोल जातं. तूर पहिले दोन महिने हळूहळू वाढते. ज्वारी निघाली की सगळं ऊन आणि सगळी जागा तिची. टाइम शेअरिंग आणि स्पेस शेअरिंग एकदम! कंप्यूटरवाल्यांनी नोंद घ्यावी.

आणि नायट्रोजन. हवेत तो ७८ टक्के आहे, पण त्याचा तिहेरी बंध तुटता तुटत नाही. हेबर-बॉश पद्धतीत तो तोडायला ४०० ते ५०० अंश तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब लागतो. अलिबागजवळ थळला होणारा युरिया याच मार्गाने आलेल्या अमोनियापासून बनतो. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम हेच काम मातीच्या तापमानाला करतात. गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी दिसली तर कारखाना चालू आहे.

पण इथे आपले निसर्गप्रेमी जरा वाहवत जातात. तूर शेजारच्या ज्वारीला त्याच हंगामात वाटीभर नायट्रोजन वाढते, असं फारसं होत नाही. ती स्वतःचा बराचसा हवेतून घेते, म्हणून मातीतला ज्वारीला उरतो. तुरीचा पालापाचोळा आणि मुळं कुजली की फायदा पुढच्या पिकाला.

फायदा मोजायलाही माप आहे, लँड इक्विव्हलंट रेशो. समजा, नुसत्या ज्वारीचं एकरी १० क्विंटल आलं असतं आणि नुसत्या तुरीचं ६. एकत्र पेरल्यावर आली ज्वारी ८, तूर ३. म्हणजे ०.८ अधिक ०.५, बरोबर १.३. एका एकराने १.३ एकराचं काम केलं. (आकडे माझे आहेत, हिशेब समजावा म्हणून.)

मग शेतकरी हे सोडतो का? 'युरियाची चटक लागली' हे शहरातलं उत्तर मला पटत नाही. त्या आजींचं उत्तर साधं होतं. भात निघाला की गुरं मोकाट सुटतात. तूर आणि वाल तर त्यानंतरही उभे असतात. एकट्याने पेरलं की गावभरची गुरं त्याच्याच शेतात, मग रात्रंदिवस राखण कोण करणार? पोरं तर बदलापूर, अंबरनाथला कामाला. गावाने मिळून गुरं बांधायचं ठरवलं तरच जमणार. लातूरकडे अडचण वेगळी. तिच्या शेतात आता सोयाबीन आलं. दोन पिकं दोन वेळेला काढायची तर मजूर दोनदा लागतात, आणि हार्वेस्टरला एकाच वेळी पिकलेलं एकसारखं शेत हवं असतं.

गुरांचा प्रश्न ग्रामसभेचा. पण पेरणी आणि काढणीचा? तो सरळसरळ आपला आहे. दरवर्षी फायनल इयरला आपण रेषेवरून पळणारे रोबो करतो, व्हायवा झाला की ते कपाटात जातात. मी दोन पेट्यांच्या हाताने ओढायच्या पेरणीयंत्राचं प्रपोजल दिलं, तर एक सर म्हणाले, "हे ॲग्रीकल्चरवाल्यांचं काम." सर, रागावू नका, पण नाचणीचा मोहरीएवढा दाणा आणि तुरीचा टपोरा दाणा एकाच यंत्रातून, वेगवेगळ्या अंतरावर, वेगवेगळ्या खोलीवर टाकणं हा मेकॅनिझमचाच प्रश्न आहे. मोठी ट्रॅक्टरची यंत्रं बाजारात मिळतात. मुरबाडच्या उतारावरच्या तुकड्यांवर ट्रॅक्टर वळायला जागा नाही.

एक कच्चं ड्रॉइंग झालंय, आजोबांच्या त्या मागे बांधलेल्या नळीवरूनच. मीटरिंग प्लेटमध्ये नाचणी अडकते आहे. मेकॅनिकलचे दोघं-तिघं हवेत, जूनच्या पेरणीआधी. मी रोज चार वाजता कँटीनमध्ये असते, खिडकीजवळच्या टेबलावर.