पाठ टेकण्यापुरती जागा

आषाढी एकादशी जवळ आली म्हणजे पंढरपूरच्या प्रश्नांची चर्चा सुरू होते आणि द्वादशीचे पारणे फिटले की ती थांबते. हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. २०११ च्या जनगणनेत ज्या शहराची वस्ती एक लाखाच्या आसपास भरली, तेथे यात्रेच्या दिवसांत त्याच्या कित्येक पट माणूस लोटतो. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार यात्रा तर आहेतच; अलीकडे जोडून आलेल्या सुट्ट्यांनाही यात्रेचेच रूप येऊ लागले आहे. एवढ्या माणसांनी रात्री पाठ कोठे टेकावी, आणि ज्या शहराने ती टेकू दिली त्याच्याशी त्यांनी कसे वागावे, हे दोन प्रश्न आम्ही वेगळे मानत नाही.

चंद्रभागेचे वाळवंट ही पिढ्यान्पिढ्या गरीब वारकऱ्याची धर्मशाळा होती. मठात ओळख नसली, खोलीला पैसे नसले, तरी वाळूवर राहुटी ठोकता येत असे. या सोयीची किंमत मात्र दुसरेच कोणी मोजीत होते. शौचालये नव्हती, यात्रा हलली की उरलेली घाण माणसांच्या हातांनी उपसली जाई, आणि ते हात कोणत्या जातींचे असत हे सांगावयास नको. ही लाजिरवाणी गोष्ट अखेर न्यायालयापुढे गेली. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा नवा कायदा २०१३ साली झाला होता. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे नदीपात्रातील राहुट्या बंद झाल्या आणि पैलतीरावरील ६५ एकरांच्या मैदानात दिंड्यांना आखलेल्या जागा देण्याची पद्धत सुरू झाली. तेथे पाण्याचे नळ, दिवे व शौचालये आली आणि जागेला भाडे ठेवण्यात आले नाही. सरकारी कारभारावर टीका करण्याचे आमचे काम आम्ही सोडलेले नाही. परंतु ही व्यवस्था योग्य दिशेची आहे, हे मान्य केले पाहिजे.

तथापि तिची मर्यादाही स्पष्ट आहे. मैदानात जागा मिळते ती मुख्यतः दिंडीला. एस.टी.तून गाठोडे घेऊन उतरणारी म्हातारी, मुलाबाळांसह आलेला शेतमजूर, यांच्यामागे ना दिंडी, ना फड. यात्रेच्या दिवसांत खोलीचे भाडे मालकाच्या तोंडून निघेल ते, आणि पावसाळी आषाढात उघड्यावर झोपणे म्हणजे आजाराला आमंत्रण. अशा सुट्या यात्रेकरूंसाठी या मैदानाचा काही भाग राखून ठेवावा. तेथे छप्पर, पाणी आणि स्त्रियांसाठी वेगळी व सुरक्षित न्हाणीघरे असावीत. फी ठेवलीच तर ती मजुराच्या खिशाला पेलणारी असावी. खासगी खोल्यांचे दर दारावर लावणे सक्तीचे करावे. शौचालये चार यात्रांपुरती न उघडता बारमाही चालवावीत आणि ती साफ करणाऱ्याला यंत्र, हातमोजे व पुरेसे वेतन द्यावे. यांतील एकही मागणी अवाजवी नाही.

आता पाहुण्यांच्या वर्तनाविषयी. वारकरी घाण करतो, असा आमच्या शहरी वर्गाचा एक लाडका समज आहे. ज्याला आपण शौचालयच दिले नाही, त्याच्या स्वच्छतेची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि शिस्तच पाहायची तर ती दिंडीत पाहावी. चोपदाराने दंड उंच केला की हजारोंचा जमाव क्षणात शांत होतो. मुक्कामावर कोणी कोठे उतरायचे हे ठरलेले असते. भेटलेला माणूस ओळखीचा असो वा नसो, वारकरी त्याच्या पायांना हात लावतो.

याच्या शेजारी आपले वागणे ठेवून पाहावे. आपण मोटारीने येतो आणि ती अरुंद बोळात उभी करून तिथल्या रहिवाशाचे दार अडवितो. रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसाला ओलांडून आत जाता यावे म्हणून ओळखीचा अधिकारी शोधतो. काठावर स्नान करणाऱ्या स्त्रियांकडे भ्रमणध्वनीचा कॅमेरा वळविताना संकोच करीत नाही. राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ साली बंदी आली, तरी निर्माल्य आपण पिशवीसकटच नदीत सोडतो. यांपैकी एकही गोष्ट गरिबीमुळे घडत नाही. ती घडते, कारण आपण यात्रेला गिऱ्हाईक होऊन जातो आणि शहरात माणसे राहतात हे विसरतो.

पंढरपुरातच या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका माणसाने आपल्या आयुष्याने दिले होते. गाडगेबाबांच्या एका हाती खराटा होता. दुसऱ्या हाताने त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बांधली ती अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना कोठेही उतरू दिले जात नव्हते म्हणून. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. आधी माणसाला जागा द्यावी आणि मग त्याच्यासोबत आपणही झाडू हाती घ्यावा, हा त्यांचा क्रम होता. आज आपण खराट्याचे छायाचित्र काढतो आणि धर्मशाळा विसरतो.

जागा देणे हे शासनाचे व नगरपालिकेचे काम आहे आणि ते त्यांच्याकडून करवून घेण्यासाठी आम्ही लिहीत राहू. परंतु मोटार वेशीबाहेर ठेवणे, रांगेत आपल्या जागी उभे राहणे आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत नेणे, यासाठी कोणत्याही अधिकाऱ्याच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या वारीपर्यंत तरी एवढे आपल्या हाती खास आहे.