दीडशे तासांची उमेदवारी

जबलपूरच्या मराठी घरातील मुलगा बी. फार्म.ला जातो, तेव्हा तो औषधनिर्मिती शिकून येईल, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात २०१४ च्या नियमांनुसार चार आठवड्यांत १५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. तेही कारखान्यातच व्हावे, असे नाही. फार्म. डी.च्या विद्यार्थ्याला मात्र रुग्णालयात अखेरचे पूर्ण वर्ष मिळते. गोळ्यांच्या प्रत्येक घाण्याचे वजन, मिश्रण, यंत्रांची सफाई यांची स्वाक्षरीनिशी नोंद ठेवण्याची शिस्त महिन्याभरात कशी अंगवळणी पडावी? शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः अभ्यासक्रमानंतर वर्षभराने सुरू होते. ते वर्ष पीथमपूरच्या एखाद्या औषध कारखान्यात उमेदवारीत घालवणे अधिक शहाणपणाचे. विद्यावेतन तुटपुंजे असेल, इंदूरकडे खोलीही घ्यावी लागेल. पालकांनी तो खर्च आधीपासूनच हिशेबात धरावा.