इंजिनाचे अजीर्ण

दिवाळी सरली की उमरगा तालुक्यातल्या मुरुमच्या रस्त्याला उसाचे ट्रक लागतात. धूर काळा दिसला की मालक डिझेलमध्ये ओतायची ‘कार्बन साफ’ बाटली आणतो. बाटली अगदीच खोटी, असे मी म्हणणार नाही. इंजेक्टरच्या तोंडावरची काजळी ती हळूहळू सोडवते. पण डिझेल उडते थेट सिलिंडरात. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला त्याचा थेंबही लागत नाही. तिथली काजळी मेकॅनिकनेच खरवडावी! शिवाय एअर फिल्टर धुळीने तुंबलेला नि वर बेसुमार ऊस, तर काजळी पुन्हा हजर. हंगामात ट्रक उभा राहिला, तर ऊस वाळतो, वजन शेतकऱ्याचे घटते. म्हणून आधी फिल्टर पाहा, मग नॉझल तपासा, बाटली शेवटी. अजीर्णावर चूर्ण चालते, पण आधी जेवण आवरावे!