रेशन मोफत, पण घरापर्यंतचं ओझं कुणाचं?

जानेवारी 2023 पासून रेशनचं धान्य मोफत आहे. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. 2025 च्या पावसाळ्याआधी जून ते ऑगस्टचं धान्य एकदम देण्याचं ठरलं. हेतू चांगला, पण अंत्योदयवाल्याचं ओझं झालं 105 किलो!

सायकलच्या कॅरिअरला कट्टा बांधला की पुढचं चाक हलकं होतं, हँडल डगमगतं. चढावर उतरून ढकलायची. तीन खेपा, म्हणजे रोजगार बुडाला. रिक्षा केली तर भाडं खिशातून. मग मोफत कसलं?

कायद्याने सरकारची द्वारपोच जबाबदारी रेशन दुकानाच्या दारापर्यंतच आहे. पुढची वाट कार्डधारकाची. दूरच्या वस्त्यांवर ठरलेल्या दिवशी गाडी नेऊन तिथेच अंगठा घेतला, तर म्हाताऱ्यांची ही फरफट थांबेल.