पाणी कोण सोडतं?



मिल्टन कीन्सला समुद्र नाही आणि डोंगरही नाही. इथे मुलांनी कयाक शिकायची ती विलन तलावावर. त्याच्या काठचा शांतिस्तूप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. निप्पोनझान म्योहोजी संघाने तो १९८० साली उभारला. तलावही माणसांनीच केलेला, पावसाळी पुराचे पाणी सामावून घेण्यासाठी. तिथे दोन वर्षे वल्हे मारून आणि नॉर्थॅम्प्टनच्या पंपावर चालणाऱ्या कृत्रिम प्रवाहात अनेकदा गटांगळ्या खाऊन आमची तेरा वर्षांची कन्या खऱ्या नदीसाठी हट्ट धरून बसली. गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब वेल्समधील बाला गावाकडे निघालो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली आईही सोबत होती.

बालाजवळची त्रवेरिन ही नदी म्हणावी तर अगदीच लहान. दोन्ही काठांची झाडे मध्ये एकमेकांना भिडतात आणि खाली खडकांमधून पांढरेशुभ्र पाणी धावते. अशा अरुंद प्रवाहात ताकदीपेक्षा नजर महत्त्वाची. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटे वळून क्षणभर निवांत होते. त्या जागी कयाक वळवून थांबायचे, पुढचा टप्पा पाहायचा आणि मग पुढच्या खडकापर्यंत जायचे. वळणापलीकडचे दिसत नसेल तर काठावर उतरून चालत जाऊन पाहायचे. आडव्या पडलेल्या झाडाचे भय सर्वांत मोठे, कारण त्याच्या फांद्यांतून पाणी गाळणीतून जावे तसे निघून जाते आणि माणूस मात्र अडकतो. तसे झाड दिसले की कयाक खांद्यावर घेऊन काठाने पुढे जावे. त्यात कसलाही कमीपणा नाही. कयाक उलटली तर उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवायचे. वाहत्या पाण्यात उभे राहू नये, पाऊल दगडांत अडकते. हा शेवटचा धडा आम्ही प्रशिक्षकांकडून ऐकला आणि अर्ध्या तासात स्वतः गिरवलाही. कन्या मात्र एकदाही उलटली नाही.

आई काठावरून पाहत होती. नदी कोरडी पडत नाही का, असे तिने विचारले. वरच्या धरणातून पाणी सोडतात, म्हणून उन्हाळ्यातही ती वाहते, असे आम्ही सांगितले. त्यावर आईने विचारले, "पाणी कोण सोडतं रे?"

हा प्रश्न तिच्याकडून येणे स्वाभाविक होते. मराठवाड्यातील आमच्या गावी लहानपणी ती घागर घेऊन विहिरीपासून दूर थांबे. कोणी सवर्ण बाई येऊन पाणी शेंदून वरून ओतील, तेव्हा घागर भरे. कोणी आलेच नाही तर ती रिकामी परत येई. पाणी आपोआप येत नाही, ते कोणाच्या तरी हातात असते, हे तिला आमच्या आधीपासून ठाऊक होते.

उत्तर शोधताना आम्हाला कळले ते असे. नदीच्या वर लिन केलिन हा जलाशय आहे. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी तो बांधला गेला. जलाशयातून सोडलेले पाणी त्रवेरिनमधून डी नदीत जाते आणि खाली चेस्टरच्या बाजूला उपसले जाते. वाटेत आमच्यासारखे हौशी लोक त्यावर कयाक चालवतात. या जलाशयासाठी १९६५ साली कापेल केलिन हे गाव, त्यातील शाळा, प्रार्थनामंदिर आणि शेते पाण्याखाली गेली. १९५७ साली हा कायदा झाला, तेव्हा वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ जणांनी विरोध केला होता आणि एकानेही बाजूने मत दिले नव्हते. तरीही संसदेतील बहुमताने तो मंजूर झाला. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने २००५ साली माफी मागितली. अल्पसंख्याकांचे म्हणणे केवळ मोजणीत हरते तेव्हा काय होते, याविषयी बाबासाहेबांनी वारंवार दिलेला इशारा आठवल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही असेच आहे. कोलाडजवळ कुंडलिकेवर राफ्टिंगसाठी पर्यटकांची गर्दी होते. ते पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून वीज निर्माण करून सोडलेले असते आणि ते येते सह्याद्रीपलीकडच्या मुळशी धरणातून. त्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसह १९२१ साली सत्याग्रह सुरू केला होता, तरी त्यांची गावे बुडालीच. भिऱ्याचे केंद्र सुरू झाले १९२७ साली. त्याच वर्षी २० मार्चला त्याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, डोंगर फोडून आणलेले पाणी मुंबईसाठी वीज देऊ लागले आणि माणसांना तळ्याचे घोटभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. न्यायालयाचा अंतिम निकाल यायला पुढे १९३७ साल उजाडले.

आम्ही हे कन्येला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "मग आपण इथे यायचं की नाही?" यायचे, असे आम्हाला वाटते. पाण्याचा हक्क आपल्या आजोबा-पणजोबांनी मिळवला, पण पाण्याची भीती अनेक घरांतून अजून गेलेली नाही. आमच्या पिढीतील कितीतरी जणांना पोहता येत नाही. मुलांना पोहायला शिकवावे, कयाकमध्ये बसवावे आणि त्याचबरोबर हे पाणी कुठून आले, कोणाच्या अंगणावरून आले, हेही विचारायला शिकवावे. नाहीतर एक दिवस आपणही नकळत वरून पाणी ओतणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहू.

निघण्याच्या दिवशी सकाळी आई एकटीच नदीकाठी गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती चप्पल काढून दगडावर बसली होती आणि पाय पाण्यात सोडले होते. "लई गार आहे," म्हणाली, आणि बराच वेळ उठली नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.