माळ्यावरची सायकल

घर म्हटले की माळा आलाच, अन् माळा म्हटला की अडगळ आलीच. आमच्या अमरगोळात जुने घर पाडायचे ठरले की माळ्यावरून कंदील, पितळी स्टोव्ह, पत्र्याची ट्रंक आणि हमखास एक काळी सायकल खाली उतरते. भंगारवाला ती तराजूत घालतो. त्याला लोखंड दिसते, त्यात त्याची चूक नाही. पण आपल्यालाही तेवढेच दिसावे काय?

हुबळी-धारवाड अंतर सुमारे वीस किलोमीटर, आणि धारवाडकडे जाताना चढ. हा चढ अशाच सायकलींनी चढला. त्यांवर 'हिंद' किंवा 'अ‍ॅटलस' ही नावे असत. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलसचा शेवटचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. पण तिची पोलादी चौकट सहजी मोडत नाही. टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि ग्रीस एवढ्यावर ती बहुधा पुन्हा रस्त्यावर येते.

ट्रंकेचेही तसेच. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. मराठी-कन्नड कागद एकाच ट्रंकेत निघाले तर नवल नाही.

सारे जपून ठेवा असे मी म्हणत नाही. माळा म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे. मित्रहो, विकण्यापूर्वी आजी-आजोबांना एवढेच विचारा : ही कुणाची? उत्तर वहीत उतरवून ठेवा. सायकल आणखी दहा वर्षे टिकेल. सांगणारे माणूस टिकेलच असे नाही.